कापलेला कोपरा

भैरवलिंग सहकारी साखर कारखान्याला वीस वर्षं झाली तेव्हा एक जाडजूड स्मरणिका निघाली. तीत चेअरमनचे सात फोटो आहेत, बॉयलरचे तीन आहेत, आणि पाहुण्यांसाठी उभारलेल्या मांडवाचाही एक आहे. शेती खात्याचा हेडक्लार्क बाबालाल नदाफ याचा मात्र एकही नाही. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, माझा कसला फोटो, कार्डांचा काढा. आणि खरंच, तो कारखाना बॉयलरच्या वाफेवर जितका चालला तितकाच बाबालालच्या कार्डांवर चालला. स्मरणिका काढणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण कार्डांना हार घालता येत नाही, मग फोटो कशाचा काढणार?

बाबालालचा बाप गाद्या भरणारा. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून शिरोळच्या बाजूची गावं पायी फिरायचा. कुणाच्या घरी कुठली गादी कधी भरली हे त्याला वर्षानुवर्षं तोंडपाठ असायचं. अक्षरओळख नव्हती, पण डोकं असं. पोरगा मॅट्रिक झाला आणि सदुसष्ट साली कारखान्याच्या शेती खात्यात कच्च्या नोकरीत चिकटला, तेव्हा बापाने एवढंच सांगितलं की कागदावर लिहिलंस म्हणून विसरायला मोकळा झालास असं समजू नकोस.

काम होतं ऊसनोंदीचं. शेतकऱ्याने उसाची लागण, म्हणजे लावणी, केली की कारखान्याचा चिटबॉय रानात जायचा आणि लिहून आणायचा, रान कुणाचं, गाव कुठलं, गट नंबर काय, क्षेत्र किती, ऊस कुठल्या जातीचा आणि लागण कोणत्या तारखेची. दसऱ्यानंतर कारखान्याचा धूर निघाला की याच नोंदीवरून ठरायचं, तोडकऱ्यांची टोळी आज कुणाच्या रानात घुसणार. ऊस वेळेत तुटला तर ठीक. मागे पडला तर तुरा फुटतो, कांडं आतून पोकळ होतं आणि शेतकऱ्याचं दीड वर्षाचं काम वाऱ्यावर जातं. तेव्हा तोडीच्या यादीतला नंबर ही त्या मुलखात साधी गोष्ट नव्हती. माणसं त्यासाठी भाऊबंदकी उकरून काढायची.

नोंदी व्हायच्या जाड बांधीव रजिस्टरात, जशा येतील तशा. आता आज आलेली नोंद जुलैच्या लागणीची, उद्याची जूनची. हंगामाआधी हे सगळं तारखेने लावायचं म्हणजे सहा कारकून नऊ दिवस एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचे, खोडायचे, परत लिहायचे, आणि दहाव्या दिवशी एखादं पान राहिलंय असं कळायचं. बाबालालने दोन हंगाम हा तमाशा पाहिला. मग एकदा कोल्हापूरला एका ग्रंथालयात त्याने पुस्तकांच्या कार्डांचे लाकडी खण पाहिले आणि परतीची एसटी चुकेपर्यंत तो ते खण ओढून बघत उभा राहिला.

पुढच्या महिन्यात त्या वेळच्या शेती अधिकारी साहेबांची परवानगी काढून त्याने कोल्हापुरातल्या छापखान्यात कार्डं छापून घेतली आणि उद्यमनगरातून पत्र्याचे खण करून आणले. एका प्लॉटला दोन कार्डं. पिवळं लागणीच्या तारखेने लावायचं, पांढरं गावाच्या आणि नावाच्या क्रमाने. पिवळे खण ओढले की तोडीची यादी तयार. शेतकरी खिडकीशी आला की पांढरा खण ओढायचा. नऊ दिवसांचं काम दोन दिवसांवर आलं. साहेबांनी पाठ थोपटली, आणि बाबालालची छाती अशी फुगली की हाफिजाने, म्हणजे त्याच्या बायकोने, आठवडाभर त्याला घरातही साहेब म्हणून हाक मारली.

ती हवा एका हंगामात उतरली. एकोणसत्तरच्या नोव्हेंबरात पिवळ्या खणातलं अगदी पुढचं कार्ड होतं माळवाडीच्या धोंडुबाईचं. आदल्या वर्षीच्या जुलैच्या पहिल्या आठवड्यातली लागण, सगळ्यांच्या आधीची. बाबालालने ऐटीत पहिली टोळी तिच्या रानात धाडली. टोळीने दोन दिवसांत सव्वा एकर झोपवला. मग गाड्या आल्या आणि बांधावर थांबल्या. धोंडुबाईचं रान आत, तिच्या पुढे केरबाचं. केरबाची लागण तिच्यानंतर दीड महिन्याची, त्याचा ऊस उभा. दुसऱ्या अंगाला ओढा, त्याला अजून चिखल. उभ्या उसातून आठ गाड्या कोण जाऊ देईल? केरबा काही वाईट माणूस नव्हता, पण तोही उसावरच जगत होता.

तुटलेला ऊस उन्हात पडून राहिला. धोंडुबाई विधवा बाई, घरात पुरुषमाणूस नाही. तिने आणि तिच्या जावांनी सहा दिवस मोळ्या डोक्यावरून ओढ्यापार नेल्या. ओढ्यात गुडघाभर चिखल, डोक्यावर मणाची मोळी. शेवटची मोळी गाडीत पडली तेव्हा ऊस वाळून चिपाडासारखा झाला होता.

सातव्या दिवशी ती ऑफिसात आली. साहेबांना आधीच वर्दी गेली होती. त्यांनी कागद तयार ठेवला होता, तक्रारीचा, तिने फक्त अंगठा उठवायचा होता. बाबालालची नोकरी कच्ची, अंगठा उठला की तो घरी. तो आपल्या टेबलाशी उभा होता. घरात हाफिजा पोटुशी, बापाचे हात थकलेले.

धोंडुबाईने कागदाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि बाबालालसमोर येऊन त्याच्या खणाकडे बोट केलं.

“तुज्या कागदावर तारीख हाय. वाट कुठं हाय?”

तो खाली मान घालून म्हणाला, चुकलो मावशी. ती साहेबांना म्हणाली, “ह्याला घालवून काय हुतंय? दुसरा ईल, त्यो बी हेच करंल. ह्याला कळलंय न्हवं आता. मी सांगत्ये त्याला वाटा.”

आणि तिने अंगठा उठवला नाही. उलट भिंतीला टेकून खाली बसली आणि संध्याकाळची एसटी येईपर्यंत माळवाडीच्या सगळ्या वाटा सांगत राहिली. कुणाची गाडी कुणाच्या रानातून निघते, कुठे दोन भाऊ एक वर्षी याच्या बांधाने आणि एक वर्षी त्याच्या बांधाने जातात, कुठे पुढच्याचा ऊस निघाल्याशिवाय मागच्याला हलता येत नाही. यातलं काहीही तलाठ्याच्या उताऱ्यावर नव्हतं. उताऱ्यावर विहीर असते, आंब्याचं झाड असतं. वाट असते ती माणसांच्या बोलण्यात. दोघांनी बांधावर बसून ठरवायची आणि पाळायची.

त्या दिवसापासून बाबालालच्या डोक्यावर त्या बाईचं ऋण चढलं. ते ऋण होतं असं तो स्वतःच म्हणायचा, आणि म्हणताना त्याला जड वाटायचं नाही, बरं वाटायचं. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा माळवाडीला जायचा, आणि वटपौर्णिमेचे आंबे माळवाडीहून यायचे. पण खरी फेड त्याने दुसऱ्याच रीतीने केली. सलग दोन उन्हाळे तो सायकलवर आणि जिथे सायकल जात नाही तिथे पायी, चिटबॉयांना घेऊन प्रत्येक प्लॉट फिरला. ज्या रानाला दुसऱ्याच्या रानातून वाट, त्याच्या पिवळ्या कार्डाचा उजवा कोपरा कात्रीने कापायचा आणि मागे लिहायचं, आधी अमुक गट नंबर. यादी काढताना कापलेला कोपरा बोटाला लागला की थांबायचं, आधीचं कार्ड शोधायचं आणि दोघांची तोड पाठोपाठ लावायची. नुसत्या तारखेवर चालणारा कारखाना वाटेवर चालायला लागला. नंतर पंधरा वर्षांत भैरवलिंगच्या हद्दीत एकही तोडलेला ऊस आत अडकून पडला नाही, आणि हे काय म्हणून झालं असं कुणी विचारलं तर बाबालाल सांगायचा की माळवाडीच्या एका बाईने शिकवलं.

आता हेही सांगायला हवं की कार्डांनाही मर्यादा होती. सुरुवातीला प्लॉट होते अडतीसशे. चौऱ्याऐंशी साली कारखाना रोजच्या साडेबाराशे टनांवरून अडीच हजारांवर गेला, नदीपलीकडची गावं जोडली गेली आणि प्लॉट झाले चौदा हजार. दोन-दोन कार्डं धरली तर अठ्ठावीस हजार. खणांनी एक अख्खी खोली खाल्ली. खिडकीशी उभ्या शेतकऱ्याचं कार्ड पूर्वी दोन मिनिटांत हाताशी यायचं, आता पाव तास जायचा आणि बाहेर शिव्या सुरू व्हायच्या. आणि एक गोष्ट होती जी बाबालालने ऑफिसात कुणाला सांगितली नव्हती. पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, हंगाम संपल्यावर, खण झाडताना त्याला एक पिवळं कार्ड सापडलं. जानेवारीच्या लागणीचं, मार्चच्या खणात घुसलेलं. त्या शेतकऱ्याचा ऊस एप्रिलच्या शेवटी तुटला होता, तुरे झुलत असताना. बाबालाल दुसऱ्या दिवशी सायकलवर त्याच्या घरी गेला आणि चूक माझी, असं दारात उभा राहून सांगून आला. शेतकऱ्याने पाणी दिलं, पण चहा विचारला नाही. बाबालालला ते बरोबरच वाटलं.

त्याच वर्षी संचालक मंडळाने ठरवलं की कॉम्प्युटर आणायचा. कोल्हापुरातल्या एका कंपनीने मशीन दाखवलं होतं. पण चेअरमन सावध माणूस. ते म्हणाले, विकणारा चांगलंच बोलणार, आपल्यातला कुणीतरी आठ दिवस बसून तपासू दे. शेती अधिकारी बाळासो खोत यांनी बाबालालचं नाव सुचवलं. अहवाल त्याने लिहायचा, मंडळ त्यावर सही करणार. बाळासोंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तू नको लिहिलंस तर मशीन परत जाईल, आणि हो लिहिलंस तर कार्डखोली बंद.

कार्डखोली बंद म्हणजे बाबालाल आणि त्याच्या हाताखालचे पाच कारकून. त्यांतला पिराजी सगळ्यांत जुना, बारा वर्षं बाबालालच्या शेजारच्या टेबलावर बसलेला. दोघांचा जेवणाचा डबा एकत्र उघडायचा. कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशी पाचही जण टेबलाभोवती जमले. सगळ्यांच्या वतीने पिराजी बोलला.

“बाबालालभाई, आमी खोटं लिवा म्हणत न्हाय. पर त्या मशीनमदी कायतरी उणं असणारच की. तेवढं लिवा.”

माळवाडीची आणि शेजारच्या तीन गावांची अकराशे पिवळी कार्डं वेचून, एका ट्रंकेत भरून बाबालाल एसटीत बसला.

कंपनीचं ऑफिस शाहूपुरीत होतं. मशीनच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, आत गार हवा, आणि सगळे हळू आवाजात बोलणारे. बाबालालला दर्ग्यात आल्यासारखं वाटलं आणि त्याने नकळत टोपी सारखी केली. मशीन चालवणारा इंजिनिअर होता आकाराम, गडहिंग्लजच्या बाजूचा, तिशीचा, शेतकऱ्याच्याच घरातला. त्याने पहिल्याच दिवशी बाबालालला अण्णा म्हणायला सुरुवात केली आणि डब्यातली शेंगाची चटणी पुढे केली. दोन मुलींनी तीन दिवस बसून अकराशे कार्डं मशीनला भरवली. चौथ्या दिवशी आकारामने एक बटण दाबलं. छापणारं यंत्र किरकिरत सुरू झालं आणि कडेला भोकं असलेला लांबलचक कागद सरकत खाली पडायला लागला. अकराशे प्लॉट, तारखेने लावलेले, चहा निवायच्या आत.

बाबालालने तो कागद हातात धरला आणि त्याचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगायचं, त्याला हेवा वाटला नाही. आपण ज्या कामात अठरा वर्षं बोटं झिजवली ते काम इतकं हलकं होऊ शकतं याचाच त्याला आनंद झाला. मग सवयीने त्याने वरून वाचायला सुरुवात केली, आणि पहिल्याच ओळीवर बोट थांबलं. धोंडुबाई, माळवाडी. तिच्या वाटेवरचा केरबा कुठे, तर तीन पानं खाली.

ट्रंकेतली कार्डं तीच होती, कोपरे कापलेले. पण भरवणाऱ्या मुलींनी कार्डावरच्या छापील रकान्यांतली माहिती तेवढी घेतली होती. कापलेल्या कोपऱ्यासाठी मशीनमध्ये रकानाच नव्हता.

पिराजीला हवं होतं ते उणं समोर आलं होतं. त्यात खोटंही काही नव्हतं. मशीन वाट ओळखत नाही, त्याच्या यादीने तोडलेला ऊस आत अडकेल, कारखान्याला अयोग्य. तीन वाक्यं, खाली सही, आणि सहाही खुर्च्या शाबूत. त्या दुपारी बाबालाल आकारामला काही न बोलता उठला आणि त्याने घरी जायच्या ऐवजी माळवाडीची एसटी धरली.

धोंडुबाई आता सत्तरीच्या पुढे गेली होती. घराच्या पुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होती. बाबालालने सगळं सांगितलं, सहा खुर्च्यांचंही. तिने त्याला काय करावं हे सांगितलं नाही. फक्त विचारलं की पलीकडच्या काठाला नवी गावं आलीत म्हणतात, त्यांच्या वाटा कुणाला ठाऊक आहेत? बाबालाल म्हणाला, कुणालाच नाहीत मावशी. ती गावं आल्यापासून कोपरे कापायला आमच्यानं होतच नाही, कार्डं लावण्यातच दिवस जातो.

हे त्याने आजवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. माळवाडीचे कोपरे कापलेले होते, पण नदीपलीकडची साडेनऊ हजार कार्डं अखंड चौकोनी होती. कार्डं त्याला रानात जाऊ देत नव्हती. कुणाच्या तरी बायका-पोरींनी पुन्हा डोक्यावरून मोळ्या न्यायची वेळ येणारच होती, आज नाही तर पुढच्या हंगामात.

दुसऱ्या दिवशी तो चपला काढून आत गेला आणि आकारामच्या समोर धोंडुबाईचं कार्ड ठेवलं. कोपरा दाखवला, वाट सांगितली. आकारामने कपाळाला हात लावला. त्याच्या स्वतःच्या बापाचं रान आतलं होतं.

“अण्णा, हे आदुगर का न्हाय सांगितलासा?”

“तुमी इचारलंसा न्हाय, आनि मी बी गप बसलो,” बाबालाल म्हणाला. “दोगांची बी चूक. आता रकाना घाला.”

रकाना घातला गेला, आधीचा प्लॉट कोणता. आकारामने दीड दिवस खपून मशीनला शिकवलं की पुढच्याची तोड लागल्याशिवाय मागच्याला हात लावायचा नाही. यादी काढायला गेले तर मशीन जे अडकलं ते जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी हलेना. बाबालालनेच कारण शोधलं. दोन भाऊ होते, एका टोकाला याची वाट त्याच्यातून, दुसऱ्या टोकाला त्याची याच्यातून. मशीन बिचारं याला पुढे घालू की त्याला, असं करत गोल फिरत राहिलं होतं. माणसांनी हे कधीच सोडवलं होतं. अशी रानं एकाच दिवशी तोडायची, एकच टोळी दोन्हीत घालायची. ते मशीनला सांगितलं आणि कागद पुन्हा सरकायला लागला. आता केरबा वर होता आणि त्याच्या लगेच खाली धोंडुबाई.

आकारामला वाटलं, संपलं. बाबालाल म्हणाला, अजून नाही. दहा माणसांची पंगत उठवली म्हणून गावजेवण जमेल असं कुणी धरू नये. आमचे प्लॉट चौदा हजार आहेत, तितके घालून दाखवा. कंपनीचा विक्रीवाला लगेच मध्ये पडला, इतकं भरवायला दोन महिने लागतील म्हणाला. बाबालालने तोडगा काढला. हीच अकराशे नावं तेरा वेळा घाला, मशीनला काय कळतंय माणूस तोच की वेगळा.

आणि तिथे मशीनचं खरं पोट कळलं. माहिती राहायची पातळ चौकोनी तबकड्यांवर, फ्लॉपी म्हणतात त्यांवर. एका तबकडीत फार तर दोन हजार प्लॉट. विक्रीवाला म्हणाला, तबकड्या वाढवा. पण चौदा हजारांची एक यादी करायची तर मशीन दर मिनिटाला ही तबकडी काढा, ती घाला असं मागायला लागलं, आणि अर्ध्यावर येऊन बसलंच. बाबालालला हसू आलं. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. एकेका खणात एकेक गाव ठेवलं की गाव सापडतं, पण सगळी गावं तारखेने लावायची तर सगळे खण एकदम उघडे लागतात आणि एका टेबलावर मावावे लागतात. आकाराम खालच्या आवाजात म्हणाला की मोठ्या डिस्कचं मशीन आहे, सगळं एकत्र मावेल, पण ते महाग, म्हणून कंपनीचे साहेब दाखवायला तयार नव्हते. बाबालालने वहीत लिहिलं, मोठी डिस्क पाहिजे, त्याशिवाय घेऊ नये.

अहवाल त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिला, अडीच पानं. मशीन घ्यावं. पण वाटेच्या रकान्यासकट घ्यावं, मोठ्या डिस्कचं घ्यावं आणि त्याला स्वतंत्र जनरेटर द्यावा. जुनी कार्डं दोन हंगाम मोडीत काढू नयेत. शेवटचं कलम माणसांचं होतं. वाटा दरवर्षी बदलतात आणि मशीन रानात जात नाही, म्हणून कार्डखोलीतल्या पाचही कारकुनांना कामावरून न काढता वाटा तपासायच्या कामावर शेतात पाठवावं. हेडक्लार्कच्या पदाची मात्र गरज उरत नाही, त्याला योग्य वाटेल तिथे नेमावं.

मंडळाने अहवाल जसाच्या तसा मंजूर केला. हेडक्लार्कसाठी मंडळाला योग्य वाटली ती जागा म्हणजे कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरचं एक टेबल, रानातून आलेले बदल घ्यायचे आणि आत द्यायचे. आकाराम कंपनी सोडून कारखान्यात आला. नोकरी कुणाची गेली नाही. पण बारा वर्षं सावलीत बसलेल्या माणसांना उन्हात काढलं, हे खरंच होतं. पिराजीने ते मनाला लावून घेतलं. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी तो बाबालालच्या टेबलाजवळून न बघता गेला, आणि त्या दिवसापासून त्याने अबोला धरला. रस्त्यात दिसला तर तो सायकल दुसऱ्या कडेला घ्यायचा. सात महिने बाबालालने एकट्याने डबा उघडला. हाफिजा विचारायची, भाकरी परत का येते. तो म्हणायचा, भूक कमी झालीय. आपण बरोबर वागलो याची त्याला खात्री होती, पण त्या खात्रीने भाकरी घशाखाली उतरत नव्हती. मशीनमध्ये रकाना आहे, पण तो भरायला पायी जाणार कोण? ढकलून रानात पाठवलेला माणूस बांधावर बसून मनाला येईल ते लिहून आणेल, आणि मशीन ते निमूटपणे छापेल, ही भीती त्याला आतून खायची.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत, भर हंगामात, दुपारी एकच्या सुमाराला पिराजी दारात उभा राहिला. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, हातावर उसाच्या पात्यांचे चरे. आत आला आणि सात महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य बोलला.

“बाबालालभाई, उद्याची यादी थांबवा.”

नदीपलीकडच्या एका गावात आठवड्यापूर्वी पाटाचं पाणी न्यायला नवी चारी खणली होती. तिने जुनी गाडीवाट मध्येच तोडली होती आणि आतली रानं दुसऱ्या अंगाच्या उसामागे कोंडली गेली होती. मशीनला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याच्या यादीप्रमाणे उद्या सकाळी दोन टोळ्या तिथे उतरणार होत्या. बाबालाल उठला, दोघे आत गेले. पिराजी गट नंबर सांगत गेला, आकाराम बोटं चालवत गेला. वीस मिनिटांत नवी यादी कागदावर आली आणि शिपाई ती घेऊन टोळ्यांच्या तळावर पळाला.

बाहेर आल्यावर बाबालालने विचारलं की किती प्लॉट होते.

“अकरा. एका गड्यानं तीन सांगितलं हुतं. म्हटलं, तिनाला हाय तर शेजारच्याला बी असणार. म्हणून चारीच्या कडंकडंनं समदं चालून आलो.” पिराजी पायांकडे बघत बोलत होता. “कुणी जा म्हटलं न्हवतं. पर मोळ्या डोस्क्यावर घ्याव्या लागतील म्हणाल्या तिथल्या बायका, मग माझ्यानं बसवलं न्हाय.”

वीस वर्षांत बाबालालला पुष्कळांनी पुष्कळ दिलं होतं आणि प्रत्येकाची त्याने जाण ठेवली होती, पण असं काही पदरात पडेल ही आशा त्याने सोडून दिली होती. त्याने पिराजीचा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून राहिला.

“पिराजी, लई उपकार झालं बग तुजं. आता मी रिटायर झालो तरी चालंल.”

पिराजीने हात सोडवून घेतला नाही. त्याने टेबलावरचा डबा पाहिला, अजून न उघडलेला, आणि खुर्ची ओढून बसला.